मंदीत गाडी कंपन्यांना आपल्या करातून वाचवायचं का? आणि वाचवायचं म्हणजे नेमकं कोणाला?

शेडवरची_वहिनी

परवा गुरुवारी जेवताना आमच्याकडे भांडण झालं, त्याचा निकाल अजून लागलेला नाही, म्हणून इथे विचारते. (गुरुवार हा आमचा रविवार. भोसरी एमआयडीसीत काम केलेल्यांना हे सांगायला नको.)

आमचं जॉब वर्कचं छोटं शेड आहे. तीन सीएनसी (संगणकावर चालणारी) टर्निंग मशीनं आणि एक हातानं चालवायचं बटाला लेथ, जे सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, सेकंडहँड घेतलं होतं. ते आता फक्त जागा अडवतं, पण नाना विकू देत नाहीत. पिना, बुश, स्पेसर असला गाड्यांत बसणारा माल. नवरा मशीनवर, मी बिलं, चलनं, जीएसटी आणि बँक. माणसं नऊ. धाकटा दीर हिंजवडीत आयटीत.

दीर म्हणाला, "तेजीत या कंपन्या नफा वाटून घेतात आणि मंदी आली की सरकारच्या दारात उभ्या. माझा टीडीएस तर पगार हातात यायच्या आधीच कापलेला असतो. तो यांना का द्यायचा?" नानांनी भाकरी ताटात ठेवली आणि म्हणाले, "अमेरिकेनं दोन हजार आठला त्यांच्या कंपन्या वाचवल्या की नाही? आम्हाला इथं कोणी कुत्र्यानं विचारलं नाही." पुढे अर्धा तास आवाज चढत गेले. मला मात्र सारखं वाटत होतं की दोघं एकच बोलतायत, फक्त वेगवेगळ्या खुर्च्यांवरून.

२००८ मला नीट आठवतं, लग्नाला दोनच वर्षं झाली होती. खंडेनवमीला मशीनना झेंडूचे हार घातले तेव्हा दोन शिफ्ट चालू होत्या. दिवाळी झाली आणि नोव्हेंबरचं शेड्यूल, म्हणजे महिन्याला किती माल हवा त्याचा कागद, आलं ते निम्म्याहून कमी. डिसेंबरचं आलंच नाही. फोन केला तर स्टोअरवाला म्हणाला, "ब्लॉक क्लोजर आहे, कारखानाच बंद, गाडी पाठवू नका, गेटवर घेणार नाहीत." तयार पिना तेल लावून क्रेटमध्ये रचून ठेवल्या, पार बाथरूमच्या दारापर्यंत. स्टीलचा बार उन्हाळ्यात चढ्या भावानं घेतलेला, आणि दिवाळीपर्यंत भाव कोसळलेला. बिलं कागदावर साठ दिवसांची होती, ती एकशेदहावर गेली. बँकेला हे कारण सांगून उपयोग नसतो. माझ्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या त्या दीड वर्षानं सुटल्या.

पण खरं नुकसान पाटल्यांचं नव्हतं. आमच्याकडे तेव्हा बीडकडचा एक मुलगा होता. हेल्पर म्हणून आला आणि चार वर्षांत सेटिंग शिकला. वीस मायक्रॉनचं काम त्याच्या हातून डोळे झाकून घ्यावं. जानेवारीत आम्ही त्याला अर्धाच पगार देऊ शकलो. फेब्रुवारीत तो गावी गेला, आणि नंतर कळलं की पुढच्या हंगामाला मुकादमाची उचल घेऊन बायकोबरोबर ऊसतोडीला गेला. ज्या कामातून सुटायला तो भोसरीत आला होता त्याच कामाला. २००९ च्या पावसाळ्यात शेड्यूल परत आलं, आधीपेक्षा जास्त आलं, आणि मशीनवर उभं राहायला माणूस नव्हता. नवीन पोरांनी इतकं रिजेक्शन काढलं की डेबिट नोटांची (बिलातून कापलेल्या पैशांची) फाईल जाड झाली. ज्या कंपनीसाठी हे सगळं चालू होतं ती तोवर सावरली होती. सरकारनं अबकारी कर कमी केला होता, गाड्या पुन्हा खपू लागल्या होत्या. तो मुलगा काही परत आला नाही.

तर प्रश्न असा. मंदीत वाहन कंपन्यांना करदात्यांनी वाचवावं का? आणि पैसे घालायचेच असतील तर साखळीच्या कुठल्या टोकाला घालायचे?

पाषाणचा_पक्का

नाही. धागा संपला.

माझी मेस कोविडमध्ये बंद पडली. पोळ्यांच्या तव्याला कोणी पॅकेज दिलं नाही.

अर्धा_सीए

वहिनी, आधी नानांच्या वाक्याबद्दल. (आर्टिकलशिप पूर्ण, फायनलचा एक ग्रुप जन्मभर बाकी, म्हणून हे नाव. निगडीत हिशोब लिहितो, गिऱ्हाइकं सगळी तुमच्यासारखीच.)

अमेरिकेनं कंपन्या वाचवल्या हे खरं, पण कशा ते बघा. नोव्हेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही मोठ्या कंपन्यांचे प्रमुख खासगी विमानांनी वॉशिंग्टनला मदत मागायला गेले. त्यावरून त्यांची इतकी शोभा झाली की डिसेंबरात परत गेले ते गाडीनं. तरीही काँग्रेसनं, म्हणजे तिकडच्या संसदेनं, पैसे मंजूर केले नाहीत. शेवटी बुश सरकारनं बँकांसाठी ठेवलेल्या निधीतून १७.४ अब्ज डॉलरचं तात्पुरतं कर्ज दिलं. ओबामा आल्यावर जनरल मोटर्सच्या प्रमुखाला मार्च २००९ मध्ये खुर्ची सोडायला लावली. ३० एप्रिलला क्रायस्लर आणि १ जूनला जनरल मोटर्स रीतसर दिवाळखोरीत गेल्या. जुन्या भागधारकांच्या शेअरांची रद्दी झाली. नव्या जनरल मोटर्सचा सुमारे ६१ टक्के हिस्सा सरकारकडे आला, क्रायस्लरचा कारभार इटलीच्या फियाटकडे गेला.

हिशोब: गाडी कंपन्या आणि त्यांच्या कर्ज देणाऱ्या शाखा धरून सुमारे ८० अब्ज डॉलर घातले, ७० अब्जांच्या आसपास परत आले. सरकारनं जनरल मोटर्सचा शेवटचा शेअर डिसेंबर २०१३ मध्ये विकला. म्हणजे साधारण १० अब्जांचा खड्डा. तुमच्या दिरांना सांगा, टीडीएस गेला, पण सगळा गेला नाही. आणि मालकाला फुकट मिळाला असंही नाही.

आता तुमच्या कामाचा भाग. फोर्डनं ते पैसे घेतले नाहीत. २००६ मध्येच त्यांनी कारखाने, पेटंट, अगदी ते निळं अंडाकृती बोधचिन्हसुद्धा गहाण टाकून २३.६ अब्ज उभे केले होते. (तेव्हा लोक हसले होते.) पण डिसेंबर २००८ मध्ये फोर्डचे प्रमुख अ‍ॅलन मुलाली प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या म्हणून काँग्रेससमोर बोलले. धंद्यात असा संत कोण असतो? कारण व्हेंडर, म्हणजे सुटे भाग पुरवणारे, सगळ्यांचे सामाईक. जनरल मोटर्स अचानक बंद पडली तर तिची बिलं बुडून व्हेंडर बुडणार, आणि मग फोर्डची लाइन एका सीटबेल्टच्या बकलासाठी थांबणार. तुमच्या शेडमधून एकच पिन दोन गिऱ्हाइकांना जात असेल तर हे मी तुम्हाला समजावणं म्हणजे काशीला गंगाजल पाठवणं.

म्हणून त्यांनी मार्च २००९ मध्ये व्हेंडरांसाठी वेगळे ५ अब्ज डॉलर बाजूला काढले. कंपनीकडे अडकलेल्या बिलाला सरकारची हमी. थोडी कपात सोसलीत तर बिलाचे पैसे लगेच हातात. ऐकायला किती गोड! पण योजना चालवायची कंपन्यांमार्फतच. कोणत्या सप्लायरला आत घ्यायचं हे जनरल मोटर्स आणि क्रायस्लर ठरवणार. मोठे घुसले, त्यांच्या खालचे बाहेर. त्या ५ अब्जांतला दहावा हिस्सासुद्धा वापरला गेला नाही.

हिंजवडी_फेज_३

"फक्त १० अब्ज" हे वाक्य हिशोबनीसच लिहू शकतो.

माझा मुद्दा सोपा आहे. अमेरिकन करदात्यानं २००९ मध्ये जनरल मोटर्स वाचवली. तिचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे ऐन वणव्यात सुरू झाला होता. २०१७ च्या शेवटी कंपनीनं भारतात गाड्या विकणं बंद केलं. तळेगाव निर्यातीसाठी रडतखडत चाललं, तेही डिसेंबर २०२० पर्यंत. एका चिनी कंपनीशी सौदा झाला होता, तो सरकारी परवानगीत अडकून बारगळला, मग २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. मधल्या काळात हजारावर कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. वाचवलेली कंपनी स्वतःला वाचवते. तिचं तुमच्याशी लग्न लागलेलं नसतं.

आपल्याकडचं बघायचं तर एअर इंडिया. २०१२ मध्ये ३० हजार कोटींच्या वर ओतायची योजना मंजूर झाली, आणि दहा वर्षांनी १८ हजार कोटींच्या बोलीवर ती टाटांकडे गेली. त्या बोलीतही रोख थोडी, बाकी कर्ज. दरवेळी पोस्टरवर कामगाराचा फोटो असतो.

आणि मंदीचं सोडा, तेजीतही चालूच आहे. २०२१ ची वाहन उद्योगाची पीएलआय (उत्पादनावर अनुदान देणारी) योजना २५,९३८ कोटींची. भोसरीत कोणाच्या शेडला त्यातला रुपया दिसला?

शेडवरची_वहिनी

@हिंजवडी_फेज_३, तुम्ही माझे दीर तर नाही ना? "पोस्टरवर कामगाराचा फोटो" हे त्याचंच वाक्य आहे.

@अर्धा_सीए, ही व्हेंडरांची योजना नानांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे तिकडंही परचेसवालाच देव."

एक मात्र खटकलं. तळेगाव अमेरिकेच्या पैशानं का वाचेल? तो पैसा मिशिगनच्या माणसाच्या करातला. त्यानं आपल्या गल्लीतलं बघितलं. माझी तक्रार एवढीच आहे की आमच्या गल्लीत आमचं कोणी बघितलं नाही.

निवृत्त_टूलरूम

पोरी, नानांच्या वयाचा आहे म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नको.

मी तेहेतीस वर्षं टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं बनवण्यात काढली. १९७९ साली क्रायस्लर बुडत होती तेव्हा अमेरिकन सरकारनं दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली. हमी, रोकड नव्हे. आयाकोका प्रमुख होता, त्यानं पगार एक डॉलरवर आणला, युनियनकडूनही सोडून घेतलं, आणि १९८३ मध्ये मुदतीच्या कितीतरी आधी कर्ज फेडलं. सरकारला वर नफा झाला. तेव्हा आम्ही कँटीनमध्ये त्याच्या गोष्टी सांगायचो जशा आता पोरं क्रिकेटवाल्यांच्या सांगतात. तीच क्रायस्लर तीस वर्षांनी परत झोळी घेऊन उभी. तेव्हा एकदा वाचवलं म्हणजे शहाणपण येतं हे विसरा.

आणि आपल्याकडे कोणी कंपनी वाचवली नाही म्हणणाऱ्यांनी मारुती आठवावी. संजय गांधींची मूळ मारुती सत्तरच्या दशकात बुडाली होती. सरकारनं तिचा सांगाडा उचलला, सुझुकीला आणलं, आणि डिसेंबर १९८३ मध्ये ८०० बाहेर पडली. करदात्याचाच पैसा होता तो. पण मंदी घालवायला घातलेला नव्हता, नवं काम शिकायला घातलेला होता. भारतात वेळेवर माल पोचवणारा, मायक्रॉन मोजणारा व्हेंडर त्यातून उभा राहिला. तुमच्या पिनेचं कूळ शोधलं तर तिथे पोचेल.

तू बीडच्या पोराचं लिहिलंस ते मला लागलं. जर्मन याला बरोबर ओळखतात. मी ट्रेनिंगला श्टुटगार्टच्या बाजूला चार महिने होतो. त्यांच्याकडे कुर्झआर्बाइट म्हणून पद्धत आहे. काम कमी झालं तर माणूस काढायचा नाही, तास कमी करायचे, आणि बुडालेल्या पगाराचा साठ टक्के, घरी मूल असेल तर सदुसष्ट टक्के सरकारी विम्यातून भरून द्यायचा. २००९ मध्ये जवळजवळ पंधरा लाख माणसं अशी अर्ध्या कामावर होती. पैसे पगारापोटी जातात, आणि माणूस मशीनजवळ राहतो. ऑर्डर आली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तोच हात, तोच मायक्रोमीटर.

आता एक विचारतो, खरं सांग. तुझी माणसं नऊच का? दहावा का नाही?

पाषाणचा_पक्का

ओहो.

शेडवरची_वहिनी

काका, तुम्ही नेम धरून मारलात. दोन दिवस उत्तर लिहून खोडत होते.

नऊ, कारण दहावा आला की ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागतं, ग्रॅच्युइटीचा कायदा लागतो. पीएफ तर विसालाच लागतो, त्यामुळे तो प्रश्नच नाही. काम दहा-अकरा माणसांचं आहे. दोन जण हजेरीवर नाहीत, त्यांना मी पाकिटात देते. महिन्याचं गणित बसत नाही म्हणून, दुसरं कारण नाही. हे मी अभिमानानं लिहीत नाहीये.

आणि तुमचा प्रश्न वाचला तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की उद्या सरकारनं तुमची ती जर्मन योजना आणली, बुडालेल्या पगाराचा साठ टक्के द्यायचं ठरवलं, तर माझ्या शेडमधल्या कोणाच्या नावानं देणार? बीडचा मुलगा कुठल्याच कागदावर नव्हता. त्याच्या नावाचा एकच पुरावा म्हणजे नानांची लाल वही, आणि तिच्यात लिहिलंय "गण्या - उचल ३००".

बिल गिऱ्हाईक मारतं तसं मीही थोडं मारलंच की.

हिंजवडी_फेज_३

हे लिहायला धाडस लागतं. मी दीर नाही, पण असतो तर आज भांडी घासली असती.

अर्धा_सीए

वहिनी, मनाला लावून घेऊ नका. निगडी-भोसरीत निम्मी शेडं नऊवर अडकलेली आहेत, मी त्यांचेच हिशोब लिहितो.

काकांचं जर्मनीचं उदाहरण मला पटतं, पण त्याला नोंद लागते. आपल्याकडे बेकारी भत्ता ईएसआयच्या अटल योजनेतून मिळतो, २०१८ पासून. नव्वद दिवसांपर्यंत, २०२० मध्ये दर वाढवून निम्म्या पगारापर्यंत नेला. पण ईएसआय असेल तरच. ले-ऑफ झालेल्या, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवलेल्या कामगाराला निम्मा पगार द्यायची तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती, तीही पन्नास माणसांच्या वरच्या कारखान्याला. कायदा आपल्याकडे वरून गळत गळत येतो आणि पन्नासाला सुकतो, विसाला सुकतो, दहाला पार कोरडा.

तोवर तुमच्या बिलांचं बघू. २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायलाच हवं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार कोणी करत नाही, कारण पुढचं शेड्यूल जातं, हे मला माहीत आहे. म्हणून दुसरा रस्ता, ट्रेड्स. बिल ऑनलाइन चढवायचं, गिऱ्हाइकानं मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे दोन-तीन दिवसांत. अमेरिकेनं पाच अब्जांत जे केलं त्याचंच हे चुलत भावंड, फक्त बारमाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची आहे. तुम्ही आहात का त्यावर?

शेडवरची_वहिनी

माझं गिऱ्हाईक टियर टू, म्हणजे गाडी कंपनीच्या व्हेंडरला माल देणारं. उलाढाल साठ कोटी. तो ट्रेड्सवर नाही आणि येणारही नाही. त्याचं गिऱ्हाईक आहे, पण ते माझं बिल कशाला मान्य करेल?

उलट मागच्या वर्षी परचेसमधून फोन आला होता, "मॅडम, तुमचं उद्यम रद्द करता का? आमच्या ऑडिटरला त्रास होतो." (उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी.) मी वेळ मागून घेतली आणि विषय थंड पडला. आता परत विचारतायत.

अर्धा_सीए

रद्द करू नका! तो "त्रास" म्हणजे आयकर कायद्यात आलेलं नवं कलम आहे. ४५ दिवसांत तुमचे पैसे दिले नाहीत आणि वर्षअखेरीलाही थकलेलेच राहिले, तर ती रक्कम त्या वर्षी त्याच्या खर्चात धरता येत नाही, नफ्यात मिळून त्यावर कर बसतो. गेल्या कित्येक वर्षांत व्हेंडरच्या बाजूनं आलेली ही एकच गोष्ट आहे जी तक्रार न करता चालते, म्हणूनच ते उद्यम रद्द करा म्हणतायत. अट एकच, तुम्ही उत्पादक म्हणून नोंदलेल्या असायला हव्यात, आणि कागदावर साठ दिवस लिहिलेले असले तरी कायद्यात ते पंचेचाळीसच.

निवृत्त_टूलरूम

कंपन्या वाचवायच्या का, यावर मी एवढंच म्हणेन की हे कलम कोणाच्या खिशातून एक रुपया न काढता आलं. अशी दहा आधी आणा, मग पॅकेजचं बोलू.

आणि पोरी, बटाला विकू देऊ नकोस. नव्या पोराला हात बसवायला सीएनसी कामाचं नाही, लेथच लागतं. नानांना माहीत आहे, म्हणून ते विकत नाहीत. तुला सांगत नसतील एवढंच.

शेडवरची_वहिनी

काका, विचारलं. ते म्हणाले, "त्याच्यावरच शिकला होता तो." कोण ते मी विचारलं नाही.

@अर्धा_सीए, उत्पादक म्हणूनच नोंद आहे, सर्टिफिकेट काढून बघितलं. तुम्हाला भेटायला कधी येऊ? आणि दोन जणांना हजेरीवर घेतलं तर महिन्याला किती पडेल तेही एकदा मांडून बघायचंय. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

अर्धा_सीए

गुरुवारी दुपारी चारनंतर. मागच्या सहा महिन्यांची चलनं आणा, नुसती बिलं नकोत. पंचेचाळीस दिवस बिलाच्या तारखेपासून नाही, माल पोचल्यापासून मोजतात, त्यामुळे गेटचा शिक्का दिसायला हवा. आणि नानांची लाल वही पण आणा.